हात लावून पाहण्याचा विषय

माध्यमिक शाळेच्या वेळापत्रकात भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे यांची वाटणी झाल्यावर जे चार-दोन तास उरतात, त्यांत मुलांना काय शिकवावे हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो. परंतु शिक्षण कशासाठी द्यायचे, याविषयीचे समाजाचे खरे मत याच उरलेल्या तासांतून कळते, कारण मुख्य विषयांबद्दल फारसे दुमत नसते आणि जे असते ते या कोपऱ्यात येऊन साचते. महाराष्ट्रात या कोपऱ्याला आजवर अनेक नावे मिळाली: कार्यानुभव, समाजोपयोगी उत्पादक कार्य, पूर्वव्यावसायिक विषय, व्यक्तिमत्त्व विकास, स्व-विकास, आणि अलीकडे व्यवसाय शिक्षण. नावे बदलत गेली तरी त्यांच्या मुळाशी दोनच अपेक्षा राहिल्या. मुलाला रोजच्या जगण्याला लागणारी समज यावी, ही पहिली; तिला आज जीवनकौशल्ये म्हणतात. पुढे कोणते काम करायचे याचा शोध त्याला शाळेत असतानाच घेता यावा, ही दुसरी.

या दुसऱ्या अपेक्षेचा विचार पुणे जिल्ह्यातील माण या गावाच्या संदर्भात करणे उपयोगाचे ठरते. मुळशी तालुक्यातील हे गाव हिंजवडीला लागून आहे, राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाचा तिसरा टप्पा मोठ्या प्रमाणात याच गावाच्या जमिनीवर वसला आहे, आणि शिवाजीनगरकडे जाणाऱ्या सुमारे २३ किलोमीटर लांबीच्या मेट्रो मार्गाचे आगारही माणच्या हद्दीत आहे. पूर्वेला पिंपरी-चिंचवडची जुनी उद्योगनगरी आहे, जिची सुरुवात १९५४ मध्ये पिंपरीत सरकारी पेनिसिलिन कारखाना, म्हणजे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, उभा राहिला तेव्हापासून मोजली जाते. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर टेल्को आणि बजाज यांच्यासारख्या कारखान्यांनी तिला आजचे रूप दिले. उत्तरेला चाकण आहे, जिथे एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने आले. कामाच्या प्रकारांची इतकी दाटी देशात फार थोड्या ठिकाणी आढळेल, आणि म्हणूनच दहावीनंतर काय, या प्रश्नाचे उत्तर शोधायला माणच्या मुलाइतकी सोयीची जागा कोणाला मिळालेली नाही, असे सकृद्दर्शनी वाटते.

तसे ते नाही, याची एक खूण भाषेतच सापडते. या पट्ट्यात माणूस 'कंपनीत लागतो' किंवा 'कंपनीला जातो'. या एका शब्दात लेथवर काम करणारा टर्नर, संगणकप्रणालीतील चुका शोधणारी तपासनीस, उपाहारगृहातला आचारी, कंत्राटी हेल्पर, बस चालवणारा, वातानुकूलन यंत्रणा सांभाळणारा आणि पगारपत्रक करणारी बाई असे सगळे सामावतात, आणि शब्द एकच असल्यामुळे कामांतील फरक झाकला जातो. शेतीवर जगणाऱ्या गावात तसे नव्हते. मुळशी हा भाताचा तालुका. चिखलणी कशी करतात, आवणीला किती माणसे लागतात, पावसाने ओढ दिली तर काय करावे लागते, हे मूल दहा वर्षांचे होईपर्यंत पाहून-पाहून शिकलेले असे, कारण काम उघड्यावर चाले. आज काम कार्ड दाखवल्याशिवाय न उघडणाऱ्या दारांच्या आत चालते आणि बाहेरून दिसते ती फक्त काच. जमिनीचा मोबदला आलेल्या घरांत तर अडचण आणखी वेगळी असते. गुंठ्याच्या भावाने अचानक श्रीमंत झालेल्यांसाठी पुण्याच्या आसपास 'गुंठामंत्री' हा चेष्टेचा शब्द रूढ झाला, पण त्या चेष्टेमागे एक गंभीर गोष्ट दडलेली आहे: ज्या घरात खोल्यांचे भाडे येते पण कोणाचे काम दिसत नाही, त्या घरातील मुलाला कामाची ओळख शाळेनेच करून दिली नाही, तर ती होणार तरी कुठे?

जीवनकौशल्ये या शब्दाचा अर्थ प्रथम स्पष्ट करायला हवा, कारण तो फार सैलपणे वापरला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात अशी दहा कौशल्ये सांगितली: स्वतःची जाणीव, समानुभूती, समस्या सोडवणे, निर्णय घेणे, परिणामकारक संवाद, माणसांशी संबंध जपणे, सर्जनशील विचार, चिकित्सक विचार, भावनांचे समायोजन आणि ताणतणावांचे समायोजन. महाराष्ट्रातील शिक्षकांना ही यादी तोंडपाठ असते, कारण अध्यापक विद्यालयात गाभाघटक, मूल्ये आणि जीवनकौशल्ये ही तिन्ही नावे ओळीने पाठ करावी लागतात आणि पाठाच्या टाचणात ती लिहावीही लागतात. राज्य मंडळाच्या नववी-दहावीच्या अभ्यासक्रमात स्व-विकास आणि कलारसास्वाद असा विषयही आला. तो श्रेणी विषय आहे, म्हणजे त्याचे गुण एकूण टक्केवारीत धरले जात नाहीत, फक्त अ, ब, क अशी श्रेणी दिली जाते. परीक्षेभोवती फिरणाऱ्या व्यवस्थेत श्रेणी विषयाचा तास म्हणजे गणिताच्या शिक्षकाने मागून घेण्याचा तास, हे कोणाही पालकाला ठाऊक असते. पण दोष केवळ परीक्षापद्धतीचा नाही. निर्णय घेणे हे कौशल्य धड्यातून शिकवता येत नाही. ज्याच्या चुकण्याने थोडे नुकसान होईल असा खराखुरा निर्णय मुलावर सोपवला, तरच ते येते. कापड किती मीटर आणायचे, हा प्रश्न ज्या मुलीने स्वतः सोडवला आणि कापड कमी पडल्यावर दुकानात परत जाऊन ज्या मुलीने त्याची किंमत मोजली, ती या यादीतील निदान चार कौशल्ये एका दुपारी शिकते.

व्यवसायाची निवड हा विषय शास्त्रीय रीतीने मांडण्याचे श्रेय सहसा अमेरिकेतील फ्रँक पार्सन्स यांना दिले जाते. त्यांनी १९०८ मध्ये बॉस्टन येथे व्यवसाय मार्गदर्शनाची कचेरी काढली, आणि १९०९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, व्यवसायनिवडीवरील त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यांचे म्हणणे साधे होते: माणसाने आधी स्वतःला ओळखावे, मग कामांचे जग ओळखावे, आणि त्यानंतर या दोहोंचा मेळ विचारपूर्वक घालावा. अमेरिकेतील माध्यमिक शाळांत पुढे जे ऐच्छिक विषय वाढले, ज्यांत गृहशास्त्र, सुतारकाम, मोटारदुरुस्ती, पैशांचा हिशेब आणि व्यवसायशोध असे अनेक प्रकार येतात, त्यांच्या मागे हाच विचार आहे. जर्मनीत वेगळी वाट रुळली. तिथे बहुतेक राज्यांत शाळकरी मुले नववीच्या सुमारास दोन-तीन आठवडे एखाद्या दुकानात, कार्यशाळेत किंवा कचेरीत प्रत्यक्ष जाऊन काम पाहतात, आणि नंतर ज्यांना हवे ते आठवड्यातील बहुतेक दिवस कारखान्यात व एक-दोन दिवस व्यवसायशाळेत अशा दुहेरी पद्धतीने शिकतात. या दुहेरी पद्धतीची आवृत्ती पुण्याच्या पट्ट्यातील जर्मन कंपन्यांनी आपल्या प्रशिक्षण केंद्रांत आणली आहे, परंतु ती दहावी किंवा आयटीआय झालेल्यांसाठी. त्याच्या आधीचा, शाळेतला, पाहण्याचा भाग मात्र इकडे आला नाही. नारळ आणला आणि फोडायचे राहून गेले, असा हा प्रकार.

महाराष्ट्राने पार्सन्सच्या तीन पायऱ्यांपैकी पहिलीवर भर दिला. दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६ मध्ये राज्यभर कल चाचणी सुरू झाली. विद्यार्थ्याचा ओढा कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा या सात क्षेत्रांपैकी कोणत्या क्षेत्राकडे आहे, हे प्रश्नावलीतून काढायचे आणि निकालासोबत कळवायचे, अशी ती योजना होती. कल मोजणे ही मानसशास्त्राची मान्य पद्धत आहे आणि इतक्या मोठ्या संख्येने ती वापरणे ही छोटी गोष्ट नव्हती. तरीही तिला एक अंगभूत मर्यादा होती, जी प्रश्नावली कितीही चांगली केली तरी जात नाही: अमुक काम आवडेल का, या प्रश्नाचे उत्तर ते काम कधी न पाहिलेले मूल काय देणार? ते आपल्या कल्पनेतील चित्राला गुण देते. पोलीस भरतीची तयारी करणारे चुलतभाऊ रोज मैदानावर दिसतात, म्हणून गणवेशधारी सेवा डोळ्यांसमोर येते. प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ दिसत नाही, म्हणून तो पर्याय मनात उमटतच नाही. पार्सन्सची दुसरी पायरी, कामांचे जग ओळखण्याची, गाळून पहिलीवरून एकदम तिसरीवर उडी मारता येत नाही.

ही दुसरी पायरी महाराष्ट्रात बांधली गेली आहे, आणि तीही याच औद्योगिक पट्ट्याच्या कडेला. तिचा मागोवा घेताना प्रथम जे. पी. नाईक यांचे नाव येते. कोल्हापूर जिल्ह्यातून आलेले हे शिक्षणतज्ज्ञ १९६४ ते १९६६ या काळातील कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते, आणि शालेय शिक्षणात कार्यानुभव हा सर्वांसाठी आवश्यक भाग असावा, ही शिफारस याच आयोगाची. तिच्या आधी १९३७ च्या वर्धा परिषदेतून आलेली महात्मा गांधींची नयी तालीम होती, जिच्यात सूतकताईसारखा एखादा हस्तोद्योग हाच सर्व विषय शिकवण्याचा केंद्रबिंदू मानला होता. कोठारी आयोगाने हस्तोद्योगाऐवजी शेती, कार्यशाळा आणि आधुनिक उत्पादन यांचा विचार केला. पुढे १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने त्याच कल्पनेला समाजोपयोगी उत्पादक कार्य हे लांबलचक नाव दिले. शाळांत या सगळ्याचे काय झाले हे ज्यांनी कार्यानुभवाच्या तासाला कागदाची फुले आणि मेणबत्त्या केल्या, त्यांना सांगायला नको. नाईक यांनी स्थापन केलेली भारतीय शिक्षण संस्था १९७० च्या दशकात मुंबईहून पुण्याला आली. तिच्या छत्राखाली १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू झाला.

पाबळ हे चाकणच्या पूर्वेला असलेले, कमी पावसाचे, मस्तानीच्या कबरीमुळे लोकांना माहीत असलेले गाव. तिथे जाणारे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट केली होती, मैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत आणि नंतर मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात काम केले होते. ती नोकरी सोडून ते पत्नी मीरा कलबाग यांच्यासह पाबळला स्थायिक झाले आणि २००३ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिले. त्यांची भूमिका अशी होती की माणूस निसर्गतः काम करता-करता शिकतो, शाळेने ती पद्धत मोडून काढली आहे, आणि शाळा सोडलेल्या मुलाला 'नापास' ठरवण्यापूर्वी शाळेची पद्धतच तपासायला हवी. या भूमिकेतून दोन गोष्टी निघाल्या. एक म्हणजे शाळा सुटलेल्या तरुणांसाठी ग्रामीण तंत्रज्ञानाचा एक वर्षाचा निवासी पदविका अभ्यासक्रम, ज्याला पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची मान्यता मिळाली. दुसरी गोष्ट शाळांसाठी होती: मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख करून देणारा, आठवी ते दहावीचा, 'आयबीटी' या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा विषय, जो राज्य मंडळाने पूर्वव्यावसायिक विषय म्हणून स्वीकारला.

या विषयाची रचना थोडी तपशिलाने पाहण्यासारखी आहे, कारण त्याचे वेगळेपण तपशिलातच आहे. आठवड्यातील एक दिवस पूर्ण कामाला दिलेला असतो. काम चार विभागांत वाटलेले असते: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, आणि गृह व आरोग्य. प्रत्येक मुलाने आणि प्रत्येक मुलीने चारही विभागांतून जायचे असते; आवडीचा विभाग निवडण्याची मुभा सुरुवातीला नसते, कारण निवड ही चव घेतल्यानंतरची गोष्ट आहे. शिकवणारे निदेशक गावातले किंवा जवळपासचे कुशल लोक असतात, म्हणजे वेल्डिंग करणारा, वायरमन, रोपवाटिका चालवणारा, आरोग्य कार्यकर्ती. पदवीपेक्षा हातातली कला महत्त्वाची मानली जाते. आणि मुले जे करतात ते प्रदर्शनात मांडून ठेवण्यासाठी नसते. शाळेला किंवा गावाला ज्याची गरज आहे ते काम घ्यायचे, त्याचा खर्च काढायचा, ते पूर्ण करायचे आणि शक्य असेल तिथे त्याचा मोबदला घ्यायचा, अशी ती रीत आहे; कधी ते बाकाची दुरुस्ती असते, कधी एखाद्या घराची वायरिंग, कधी मातीची तपासणी, तर कधी वर्गातील मुलींच्या रक्तातील हिमोग्लोबिन मोजणे.

अशा कामातून पुस्तकी विषय परत भेटतात, तेही आडवाटेने. पायाची आखणी करताना कोपरा काटकोनात आला की नाही हे गवंडी ३, ४ आणि ५ फुटांच्या मापाने पाहतो, आणि पुस्तकातील पायथागोरसचे प्रमेय भूमितीच्या तासाआधीच दोरीवर सिद्ध होते. एक भाग सिमेंटला दोन भाग वाळू आणि चार भाग खडी हे काँक्रीटचे प्रमाण समजले की गुणोत्तराचे उदाहरण पाठ करावे लागत नाही. विजेचे एक युनिट म्हणजे १००० वॅटचे उपकरण एक तास चालणे. मग १० वॅटचा दिवा १०० तास जळला तर एक युनिट होते आणि २००० वॅटचा गिझर तेच युनिट अर्ध्या तासात खातो, हा हिशेब केलेले मूल घरचे वीजबिल वाचू लागते. खर्च काढताना साहित्य आणि मजुरी यांच्याबरोबर हत्यारांची झीजही धरावी लागते, हे कळणे तर अनेक मोठ्यांनाही जमलेले नसते. शाळेच्या वर्षात सुट्ट्या वगळून असे तीसेक दिवस मिळतात, तीन वर्षांत नव्वदच्या आसपास. तेवढ्यात कोणी वेल्डर होत नाही, आणि व्हावे अशी अपेक्षाही नाही. चौदा वर्षांच्या मुलाला इतके कळावे की ठिणग्यांसमोर उभे राहणे आपल्याला मानवते की नाही, बारीक तारा जोडताना आपला संयम टिकतो की नाही, आजारी माणसाजवळ बसणे आपल्याला जड जाते की नाही. कल चाचणीला जे उत्तर हवे असते ते इथे हातांकडून मिळते.

पाबळचा हा प्रयोग एका गावापुरता राहिला नाही. पुण्यातील लेंड-अ-हँड इंडिया या संस्थेने, जी राज गिल्डा आणि सुनंदा माने यांनी सुरू केली, तो अनेक शाळांत नेला आणि पुढे इतर राज्यांच्या सरकारांबरोबरही काम केले. २०१३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा अधिसूचित केला. कोणत्याही कौशल्याची पातळी क्रमांकाने सांगता यावी, म्हणजे शाळेत मिळालेले प्रमाणपत्र आयटीआयला आणि कारखान्यालाही समजावे, अशी ही मोजपट्टी आहे. तिच्या आधारे महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांत नववीपासून व्यवसाय विषय आले: मोटारसेवा, किरकोळ विक्री, आरोग्यसेवा, सौंदर्यसेवा, पर्यटन, कृषी, इलेक्ट्रॉनिक्स, आणि पाबळच्याच चार विभागांशी नाते सांगणारा बहुकौशल्याचा विषय. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दप्तराविना दिवस सुचवले, ज्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांजवळ शिकावे. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कामाचे तीन वर्ग केले, सजीवांबरोबरचे काम, यंत्रे व साहित्य यांच्याबरोबरचे काम आणि माणसांच्या सेवेचे काम, आणि आठवी संपेपर्यंत प्रत्येक मुलाने या तिन्हींत मिळून नऊ प्रकल्प करावेत असे म्हटले. कागदावर पाहिले तर पाबळची कल्पना देशाचे धोरण झाली आहे.

कागदाखाली मात्र एक जुना गैरसमज तसाच आहे. व्यवसाय विषय हा 'कच्च्या' मुलांसाठी असतो, असे शिक्षक आणि पालक दोघेही मानतात, आणि तो निवडताना मुलाच्या ओढीपेक्षा त्याची गणितातील किंवा भाषेतील अडचण पाहिली जाते. धोरणानेही या समजाला नकळत हातभार लावला, कारण असा विषय एखाद्या भाषाविषयाच्या जागी घेण्याची सोय दिली की तो आपोआप 'सुटण्याचा मार्ग' ठरतो. ज्याला दुसरे काही जमत नाही त्यानेच जे घ्यायचे, त्याला ऐच्छिक म्हणणे ही शब्दाची थट्टा आहे. इच्छा तिथे असते ती सुटकेची. पाबळच्या पद्धतीत वर्गातील सर्वांत हुशार मुलगी आणि सर्वांत मागे पडलेला मुलगा एकाच दिवशी एकच पत्रा कापतात, आणि कित्येकदा दुसरा पहिलीला शिकवतो. तो भाग काढून घेतला की विषयाचे नाव उरते आणि शाळेत आणखी एक खालची पायरी तयार होते. राष्ट्रीय शिक्षण धोरणात असा उल्लेख आहे की १९ ते २४ वयोगटातील भारतीय कामकऱ्यांपैकी औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळालेले ५ टक्क्यांहून कमी होते, तर हेच प्रमाण अमेरिकेत ५२, जर्मनीत ७५ आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के होते. व्याख्या सगळीकडे सारख्या नसल्यामुळे हे आकडे शेजारी-शेजारी ठेवताना जपून राहावे लागते, पण दरी खोटी नाही. आणि ती पैशांची आहे त्याहून अधिक प्रतिष्ठेची आहे.

प्रतिष्ठेच्या प्रश्नाला जोडूनच मुलींचा प्रश्न येतो. विषय निवडण्याची मुभा मिळाली की मोटारसेवेच्या वर्गात मुलगे आणि सौंदर्यसेवेच्या वर्गात मुली, अशी विभागणी सहज होऊन बसते, कारण निवड होते ती घरात आणि नात्यागोत्यांत दिसणाऱ्या कामांतून. ज्या पट्ट्यात माण वसले आहे, तिथेच या विभागणीला गेलेला एक प्रसिद्ध तडा आहे. १९७४ मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत महिलांनी अर्ज करू नये असे छापलेले पाहून सुधा कुलकर्णी या अभियंता तरुणीने जे. आर. डी. टाटा यांना पोस्टकार्ड लिहिले आणि तिला पुण्यातील कारखान्यात नोकरी मिळाली. पुढे सुधा मूर्ती झालेल्या या तरुणीच्या पतीने ज्या इन्फोसिसची पुण्यात सहकाऱ्यांसह स्थापना केली, तिचे विस्तीर्ण आवार आज हिंजवडीच्या दुसऱ्या टप्प्यात, माणच्या वेशीशी आहे. मात्र पोस्टकार्ड लिहिण्याआधी यंत्रशाळा काय असते हे त्या तरुणीला महाविद्यालयात कळले होते. चारही विभागांतून सर्वांनी जाण्याचा पाबळचा नियम मुलींच्या बाबतीत केवळ सोय नाही. तो नसेल तर सांधणीचा चष्मा डोळ्यांवर चढवण्याचा प्रसंगच बहुतेकींवर येणार नाही.

पाबळची चौकट माणला जशीच्या तशी बसणार नाही, हेही मान्य करायला हवे. पाबळमध्ये काम उघड्यावर होते, माणमध्ये ते फाटकाआड आहे, आणि फाटक बंद असण्याला सबळ कारणेही आहेत. २०१६ च्या दुरुस्तीनंतरच्या बालमजुरी कायद्यानुसार चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवता येत नाही आणि अठरापर्यंत धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. शिकाऊ उमेदवारांचा १९६१ चा कायदाही चौदाच्या आतील मुलाला उमेदवार होऊ देत नाही. दाबयंत्रांच्या शेडमध्ये चाळीस मुलांची रांग फिरवणे कोणत्याही व्यवस्थापकाला नकोसे वाटणार, आणि संगणकप्रणालीच्या कचेरीत ग्राहकाच्या गुप्ततेचे करार आड येणार. त्यातून जी 'औद्योगिक भेट' उरते तिच्यात मुले स्वागतकक्ष, सादरीकरणाची खोली आणि उपाहारगृह पाहून परततात. ती भेट वाईट नाही, पण तिच्यातून काम कळत नाही. कळतो तो इमारतीचा थाट.

म्हणून माणसारख्या गावात कामाचा शोध कारखान्याच्या फाटकापासून सुरू न करता त्याभोवतीच्या वस्तीपासून करणे अधिक शहाणपणाचे ठरेल. मोठमोठ्या गृहसंकुलांमध्ये सांडपाणी शुद्धीकरणाचे संयंत्र असते, उद्वाहने असतात, छतावर सौरपट्ट्या असतात, विजेवर चालणाऱ्या गाड्यांची चार्जिंगची सोय असते आणि या सगळ्याची देखभाल करणारी माणसे असतात, जी आपले काम समजावून सांगायला मोकळी असतात आणि ज्यांना ते कोणी विचारत नाही. ऊर्जा व पर्यावरणाचा विभाग तिथे आयता मिळतो. गृह व आरोग्याचा विभाग अंगणवाडीत, आरोग्य उपकेंद्रात आणि शेकडो कामगारांना डबे पुरवणाऱ्या खाणावळींत आहे. शंभर डब्यांना किती पीठ, किती तेल, किती गॅस आणि डब्यामागे काय सुटते, हा हिशेब नफा-तोट्याच्या कुठल्याही धड्यापेक्षा चोख आहे. अभियांत्रिकीसाठी भोसरी आणि चाकणकडच्या लघुउद्योजकांच्या शेडपर्यंत जायचीही गरज नाही, रस्त्यालगतचे फॅब्रिकेशनचे दुकान आणि गॅरेज पुरते, आणि ज्याने तीस वर्षे एखाद्या मोठ्या कारखान्यात टूलरूममध्ये काढली आहेत असा निवृत्त कामगार पिंपरी-चिंचवडच्या वसाहतींत सहज सापडतो. साचा म्हणजे काय, शतांश मिलिमीटरची चूक हाताला कशी लागते, हे सांगणारा त्याच्याहून जाणकार निदेशक कोणत्याही प्रशिक्षण संस्थेला पगार देऊन मिळवणे अवघड जाईल. मेट्रोचे आगार हे यातील सर्वांत मोठे काम. तिथे शिरता आले नाही तरी विद्युत, सिग्नल, डब्यांची देखभाल, स्वच्छता, सुरक्षा, हिशेब अशा किती प्रकारची माणसे एका गाडीमागे लागतात, याचा तक्ता आठवीचा वर्ग चौकशी करून तयार करू शकतो, आणि 'कंपनीत' या शब्दाचे असे तुकडे करणे हाच या विषयाचा पहिला पाठ आहे.

शेतीचा विभाग वगळण्याचा मोह माणमध्ये साहजिकच होईल, कारण जमीन ज्या वेगाने इमारतींखाली गेली तो वेग पाहता भाताचे शिक्षण कालबाह्य वाटते. पण मुळशीत इंद्रायणी आणि आंबेमोहोर अजून पिकतो, शहराला तो हवा आहे, आणि शिल्लक राहिलेल्या खाचरात चिखलणी केव्हा करावी, रोप किती दिवसांचे झाल्यावर उपटावे, एका चुडात किती काड्या धराव्यात, हे सांगणाऱ्या आज्या अजून घराघरांत आहेत. त्यांच्यापैकी कोणाकडे शिकवण्याची पदवी नाही, आणि पाबळच्या नियमाप्रमाणे ती लागतही नाही. आवणी जुलैत येते, शाळेचे वर्ष जूनच्या मध्यावर सुरू होते. आठवड्यातला कामाचा दिवस वेळापत्रकात लावून, दप्तर वर्गात ठेवून, गुडघाभर चिखलात उतरायला मधले दोन-तीन आठवडे पुरतात.